तवा एक, आच तीन प्रकारची

कामावरून घरी परतल्यावर तासाभरात जेवण उरकायचे असेल, तर अमेरिकेतील अनेक घरांत एक बेत हमखास आठवतो. गोमांसाचा जाड काप म्हणजे स्टेक, बटाट्याच्या फोडी, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, थोडे लोणी आणि बिडाचा जड तवा. भात-पोळीची गरज नाही आणि घासायला भांडे एकच. शिक्षण वा नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मांसाहारी मराठी तरुणांपैकी काहींच्या भाड्याच्या घरांतही हा बेत शिरला आहे.

साहित्य पाहता कृती अगदी सोपी वाटते. पहिला प्रयत्न मात्र बहुधा फसतो. बटाटे बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात, मांस राखाडी व चिवट होते, लसूण काळा पडून कडवट लागतो. वर घरभर धूर झाल्याने छतावरील भोंगा वाजू लागतो, तो भाग निराळाच. स्टेकसारखी महागडी वस्तू अशा रीतीने वाया गेल्यावर दोष सहसा मांसाला किंवा तव्याला दिला जातो. खरी चूक क्रमाची असते. बटाटा, मांस आणि लसूण यांना लागणारी आच व वेळ परस्परांशी मुळीच जुळत नाही. ‘एका तव्यात’ याचा अर्थ ‘एकाच वेळी’ असा घेतला, की तिन्ही बिघडतात.

बटाटा आधी

तिघांत सर्वांत सावकाश शिजणारा बटाटा. त्यातील पिष्ट साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगू लागते आणि फोड मऊ होते. उष्णता बाहेरून गाभ्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, ही खरी अडचण. तापलेल्या तेलात कच्च्या फोडी टाकल्यास आतला भाग शिजण्यापूर्वीच बाहेरचा रंग गडद होतो.

त्यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघराला परका नाही. दोन जणांसाठी अर्धा किलो बटाट्यांच्या सुमारे दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात, वरचे पिष्ट निघून जाईल अशा धुवाव्यात आणि तव्यात अर्धी वाटी पाणी व मीठ घालून झाकण ठेवावे. सात-आठ मिनिटे वाफ आली, की झाकण काढून उरलेले पाणी आटू द्यावे. मग दोन चमचे तेल सोडून फोडी मध्यम आचेवर परताव्यात. दर अर्ध्या मिनिटाला उलथने फिरवण्याचा मोह टाळावा. फोड तव्याला टेकून राहिली तरच तिला खरपूस कवच येते. आणखी दहा-बारा मिनिटांत काम होते आणि फोडी ताटात काढून ठेवता येतात.

बटाट्याची जातही महत्त्वाची. अमेरिकेत ‘रसेट’ हा पिठूळ बटाटा तळण्यास किंवा भाजण्यास घेतात, तर अशा परतण्यासाठी कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात विकसित होऊन १९८० साली बाजारात आलेला ‘युकॉन गोल्ड’ अधिक सोयीचा पडतो, कारण तो आकार धरून राहतो. फ्रिजमध्ये ठेवलेले बटाटे मात्र वापरू नयेत. थंडीत पिष्टाचे साखरेत रूपांतर होते आणि अशा फोडी तव्यावर लवकर काळवंडतात. त्याच साखरेमुळे ॲक्रिलामाइड हे अपायकारक समजले जाणारे द्रव्यही अधिक तयार होते. तळलेल्या व भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ते असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली जाहीर केले होते. फोडी सोनेरी झाल्या की थांबावे, तपकिरी-काळ्या होईपर्यंत नव्हे, हा सल्ला त्यातूनच आलेला आहे. (‘बटाटा’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीजांना तो अमेरिका खंडातून मिळाला. त्या अर्थाने या ताटातील त्याची जागा तशी जुनीच.)

पाणी हाच वैरी

आता तवा मांसासाठी मोकळा झाला. स्टेकची सगळी गोडी त्याच्या तपकिरी पृष्ठभागात असते. ती कोठून येते याचे उत्तर लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या १९१२ सालच्या संशोधनात सापडते. अमिनो आम्ले आणि शर्करा एकत्र तापल्या, की त्यांच्यात अभिक्रियांची एक साखळी सुरू होते आणि रंग व वास देणारी असंख्य संयुगे निर्माण होतात. पावाचे कवच, भाजलेली कॉफी, खरपूस भाकरी, भाजलेले खोबरे, या सर्वांमागे हीच प्रक्रिया आहे. ती झपाट्याने घडण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर जावा लागतो.

येथेच पाणी आडवे येते. साध्या हवेच्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळते आणि मांसाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर तेथील तापमान त्यापलीकडे फारसे जात नाही. फ्रिजमधून काढून ओलसर काप थेट तव्यावर ठेवला, तर तो भाजला न जाता वाफेवर शिजतो आणि राखाडी दिसतो. म्हणून काप कागदी रुमालाने टिपून अगदी कोरडा करावा लागतो. मीठ लावण्याची वेळही याच कारणाने ठरते. मीठ प्रथम पाणी बाहेर खेचते. सुमारे पाऊण तासाने त्यातील बरेचसे मिठासह परत आत मुरते. तेव्हा मीठ एकतर पाऊण तास आधी लावावे किंवा अगदी तव्यावर टाकताना. मधली दहा-पंधरा मिनिटे सर्वांत वाईट.

बिडाच्या तव्याचा आग्रह धरला जातो, तोही उगाच नाही. बीड उष्णता वाहून नेण्यात मंद असते, पण जड असल्याने भरपूर उष्णता साठवते. थंड मांस पडताच पातळ पत्र्याचा तवा गारठतो, बिडाचा तग धरतो. नॉनस्टिक तवा या कामासाठी टाळलेलाच बरा. त्यावरील लेप साधारण २६० अंशांपुढे विघटित होऊ लागतो आणि मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांत तेथवर पोहोचतो. त्यातून निघणाऱ्या वायूंनी पिंजऱ्यातील पक्षी दगावल्याच्या नोंदी आहेत.

‘मोठ्या आचेवर भाजले की मांसाची छिद्रे बंद होतात आणि रस आतच राहतो’ हे वाक्य अजूनही पाककृतींत वाचायला मिळते. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ते रूढ झाले. ते खरे नाही. हॅरोल्ड मॅगी यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात त्याचा समाचार घेतला आहे. भाजल्यानंतरही मांस चरचरत राहते, तो आवाजच रस बाहेर पडत असल्याचा पुरावा. भाजायचे ते चवीसाठी. रस टिकतो की नाही हे आतल्या तापमानावर ठरते.

आत किती शिजवायचे?

स्टेक हा जनावराच्या पाठीकडील, कमी श्रम करणाऱ्या स्नायूंचा काप असतो. त्यात चिवट संयोजी ऊती कमी असतात, म्हणून तो मिनिटांत तयार होतो. हाच न्याय रश्श्याच्या मटणाला लावता येत नाही. तेथे कोलॅजेन विरघळण्यासाठी तासभर मंद आच लागतेच. उलट स्टेक तितका शिजवला, तर ६५-७० अंशांच्या पुढे त्यातील प्रथिने आकसून पाणी पिळून काढतात.

अडीच सेंटिमीटर जाडीच्या कापाला प्रत्येक बाजूस तीन ते चार मिनिटे पुरतात. मात्र घड्याळापेक्षा तापमापकावर विश्वास ठेवावा. पाश्चात्त्य खवय्यांना प्रिय असलेला गुलाबी गाभा ५४ ते ५७ अंशांना मिळतो. ताटात उतरणारा लाल रस रक्ताचा नसून मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेले पाणी असते. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस मात्र अखंड कापासाठी ६३ अंश व नंतर तीन मिनिटे विसावा अशी आहे, तर खिम्यासाठी ७१ अंशांची.

अखंड काप आणि खिमा यांत हा फरक का? जंतू मुख्यतः मांसाच्या पृष्ठभागावर असतात आणि तव्यावरची आच ते मारते. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळला जातो. १९९३ साली अमेरिकेत एका साखळीच्या अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून ‘ई. कोलाय ओ१५७’ या जिवाणूची बाधा होऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला, तो याच कारणाने. मऊ करण्यासाठी यंत्राने सुया वा पाती टोचलेल्या स्टेकलाही हा धोका असतो. तेथे २०१६पासून अशा गोमांसावर तसे छापणे बंधनकारक आहे. वेष्टनावरची ती ओळ वाचूनच गुलाबी गाभ्याचा हट्ट धरावा.

लसूण अखेरच्या मिनिटाला

फोडणी देणाऱ्या प्रत्येक हाताला ठाऊक असते, की लसूण करपला की फोडणी गेली. बारीक चिरलेल्या लसणात शर्करा भरपूर आणि पाणी चटकन उडणारे, त्यामुळे स्टेकच्या आचेवर तो अर्ध्या मिनिटात कडू होतो. लोण्याचेही तसेच. त्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असला, तरी उरलेल्या भागातील दुधाचे घन कण लवकर जळतात. म्हणून मांस तेलात भाजायचे, दुसरी बाजू होत आली की आच कमी करायची आणि तेव्हाच लोणी व ठेचलेल्या, पण अखंड पाकळ्या टाकायच्या. वितळलेले लोणी चमच्याने मांसावर ओतत राहायचे. एक मिनिट पुरे. तुपात हे घन कण नसल्याने तेलाच्या जागी तूप वापरले, तर आच सोसते आणि लोण्याचा वासही राहतो. आपल्याकडे सहज जमणारी ही सोय आहे.

महाराष्ट्रात हा बेत करताना मांसाचा प्रश्न येतो. राज्यात गायीबरोबरच २०१५पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी असून ती म्हशी-रेड्यांना लागू नाही. मुंबईतील उपाहारगृहांत स्टेक म्हणून मिळते ते बहुधा म्हशी-रेड्याचेच मांस. त्यातला ‘अंडरकट’ हा मऊ भाग घ्यावा. चरबी कमी असल्याने तो लवकर कोरडा पडतो, तेव्हा नजर अधिक सावध हवी. कत्तलीपासून घरापर्यंत मांस थंड राहिल्याची खात्री नसेल, तेथे ६३ अंशांच्या खाली थांबू नये. कोंबडी वापरायची तर गणित बदलते. तिला गाभ्यापर्यंत ७४ अंश हवेतच.

मांस ताटात पाच मिनिटे विसावत असताना त्याचे तापमान आणखी तीन-चार अंशांनी चढते, म्हणून ते थोडे आधीच उतरवावे. तोवर तवा रिकामा नसतो. तळाशी मांसाची खरवड चिकटलेली असते. त्यात पाव वाटी पाणी घालून उलथन्याने खरडले, की ती सुटते आणि लोणी-लसणासह दाट रस तयार होतो. शिजलेले बटाटे त्यातच परतून गरम करावेत, लिंबू पिळावे. काप कापताना सुरी धाग्यांना आडवी धरावी, म्हणजे चावायला आखूड धागे येतात. तवा गरम असतानाच पाण्याने धुऊन, पुन्हा आचेवर वाळवून तेलाचा हात फिरवून ठेवावा. रात्रभर सिंकमध्ये ओला राहिला, तर सकाळी गंज चढलेला असतो.