दोन हातांचा ताफा

मुंबईत तबला शिकणाऱ्या एका मुलाला परदेशी रेकॉर्डींचं वेड लागलं होतं. जिमी हेंड्रिक्स, जॉन कोल्ट्रेन, जे हाती लागेल ते तो ऐकत होता. स्टुडिओत एका गाण्यावर वेगवेगळ्या वेळी वाजवलेले थर चढवतात, त्याला ओव्हरडबिंग म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. रेकॉर्डवर जेवढं ऐकू येतंय तेवढं सगळं एका दमात वाजवलेलं असणार, अशी त्याची समजूत. मग तोही ते सगळं एकट्यानं वाजवायला बसला. एकावर एक चढवलेले दोन-तीन थर दोन हातांत कसे बसवायचे, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. हेंड्रिक्सवरच्या १९९५ सालच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्रिलोक गुर्टू यांनी हे स्वतः सांगितलं आहे. जाझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीत या दोन्ही दुनियांत आज त्यांच्या वादनाला जे स्थान आहे, त्याची सुरुवात या गैरसमजात आहे.

त्यांचा वाद्यसंच पाहिला की हे डोळ्यांनाच कळतं. एरवीचा ड्रमसेट स्टुलावर बसणाऱ्या माणसासाठी बेतलेला असतो. पाय पेडलवर, हातात काठ्या, झांजा खांद्याच्या उंचीला. तबलजी मात्र जमिनीवर बसतो आणि बोटांनी वाजवतो. दोन्ही एकाच वेळी हाताशी हवं असेल तर कुणीतरी वर चढायला हवं किंवा कुणीतरी खाली उतरायला हवं. गुर्टू खाली उतरले. ते जमिनीवर, अर्धवट गुडघ्यावर बसतात. ड्रम, झांजा, तबला आणि हातानं वाजवायची बारीकसारीक वाद्यं त्यांच्याभोवती त्या उंचीवर मांडलेली असतात. काठीनं ड्रमवर सुरू झालेला तुकडा बोटांनी तबल्यावर संपतो आणि मध्ये सांधा दिसत नाही.

या पसाऱ्यात एक पाण्याची बादलीही असते. वाजती झांज, घंटा किंवा शिंपल्यांची माळ ते पाण्यात बुडवतात. धातूचा पत्रा पाण्यात शिरला की त्याच्या कंपनाला भोवतालच्या पाण्याचंही ओझं ओढावं लागतं. कंपनं मंदावतात आणि सूर घसरत खाली येतो. वर काढताना तोच सूर पुन्हा चढतो. बायाँवर मनगट दाबून तबलजी जी मींड काढतो, तिचीच ओढ इथं धातूतून येते. पाहणाऱ्याला ही गंमत वाटते, पण कानाला त्यात मींडेची शिस्त ऐकू येते.

हा कान घडला कुठं, याचं निम्मं उत्तर कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आणलं, हा इतिहास इथल्या संगीतप्रेमींना पाठ आहे. १९२२ साली महाराज गेले आणि पुढं खाँसाहेब मुंबईला गेले, पण त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ कोल्हापुरात राहिले. धोंडूताई कुलकर्णी आणि मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांचे शिष्य. नृत्यांगना मेनकाबाई शिरोडकर यांनाही याच घराण्याची तालीम होती. त्यांची मुलगी भानुमती १९२५ साली बेळगावात जन्मली. आई भुर्जीखाँकडे शिकत असताना या मुलीचेही पहिले सूर त्यांच्याच हाताखाली कोल्हापुरात लागले. बेळगावचे पोलीस अधिकारी आणि सतारवादक नारायणनाथ गुर्टू यांच्या मुलाशी, विश्वनाथ यांच्याशी तिचं लग्न झालं आणि ती शोभा गुर्टू झाली. त्रिलोक हे त्यांचे चिरंजीव, जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१.

शोभाताई पुढं ठुमरी-दादऱ्याकडे वळल्या. ती तालीम त्यांना घम्मनखाँकडून मिळाली. ठुमरीच्या घरात वाढणं तालवाल्याच्या दृष्टीनं भाग्याचं. ख्यालाच्या साथीत तबलजीनं बहुतेक वेळ ठेका धरून बसायचं असतं. ठुमरीत मात्र शेवटाकडे लग्गी लागते, लय दुप्पट होते, गाणारी एकच ओळ धरून थांबते आणि तबलजीला मोकळं रान मिळतं. शिवाय जयपूर-अत्रौली गायकीत लय गळ्यातच मुरलेली असते. तानेचा तुकडा मात्रेच्या पोटात नेमका बसतो. गुर्टूंचा तबला अब्दुल करीम यांच्याकडे झाला (किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीमखाँ वेगळे). पण त्यांचं वादन ऐकताना वाटत राहतं की हा माणूस गातोय. त्यांचे बोल श्वासावर तुटतात.

१९७० च्या दशकात ते ड्रमसेट वाजवू लागले आणि युरोपात पोचले. चार्ली मारियानो, जॉन चिकाई, टेर्ये रिप्दाल, डॉन चेरी अशा वादकांची संगत मिळाली. एम्ब्रियो या जर्मन वाद्यवृंदाची ‘अपो-कॅलिप्सो’ ही रेकॉर्ड १९७७ ची. तीत त्रिलोक वाजवतात आणि शोभाताई गातात. त्याच वर्षी अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात निघाली. एकाच तालमीतले दोन आवाज, एक जर्मन रॉकमध्ये आणि एक सूर्यमालेबाहेरच्या वाटेवर, हे वर्ष कोल्हापूरकरांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

१९८४ च्या नोव्हेंबरात ऑरेगन या अमेरिकन चमूचे तालवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत मोटार अपघातात गेले. वॉलकॉट रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याकडे शिकलेले, म्हणजे जाझमध्ये तबला आणणारे अमेरिकन. त्यांच्या रिकाम्या जागी जे आले ते तबल्याकडून जाझकडे आलेले मुंबईकर. गुर्टूंनी ऑरेगनसोबत तीन संग्रहांत वाजवलं. त्यानंतर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांची तिकडी. बासवर काय एकहार्ट, मध्ये मॅक्लॉफ्लिन, आणि जमिनीवर गुर्टू. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली २७ नोव्हेंबर १९८९ ची मैफल ध्वनिमुद्रित आहे आणि या कारकिर्दीतला हाच सर्वांत भरगच्च दस्तऐवज आहे. मॅक्लॉफ्लिन आणि गुर्टू तोंडानं बोल म्हणत एकमेकांना उत्तरं देतात, तेव्हा तो सवाल-जवाब आपल्याकडच्या कुठल्याही रसिकाला समजावून सांगावा लागत नाही.

दरम्यान स्वतःचे संग्रह सुरू झाले होते. पहिला ‘उस्फ्रेट’, १९८८ चा. त्याची सुरुवातच ‘शोभारॉक’ या रचनेनं होते; मुलानं आईच्या आवाजाभोवती सगळा ताफा उभा केला. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी आले. अमेरिकेच्या ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी गुर्टूंना एकाहून अधिक वेळा सर्वोत्तम तालवादक ठरवलं. नंतरचे ‘आफ्रिकन फँटसी’, ‘द बीट ऑफ लव्ह’ असे काही संग्रह गाण्यांच्या अंगानं गेले. तिथं ताल जरा मागं सरकून बसतो आणि ते जाणवतं.

इलेक्ट्रॉनिक संगीताशी त्यांची खरी गाठ २००० च्या आसपास पडली. झाकीर हुसेन आणि निर्माते बिल लासवेल यांच्या ‘तबला बीट सायन्स’ या प्रकल्पाच्या ‘ताला मॅट्रिक्स’ संग्रहात ते होते. तलविन सिंग आणि कर्ष काळे ही नवी पिढीही त्यात होती. मग रॉबर्ट माइल्स भेटले. १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘चिल्ड्रन’ या एका नृत्यधुनेनं युरोपभर गाजलेले हे निर्माते पुढं त्या यशापासून मुद्दाम दूर गेले. त्यांच्या २००१ च्या ‘ऑर्गॅनिक’मध्ये गुर्टूंनी वाजवलं आणि २००४ मध्ये दोघांच्या नावानं ‘माइल्स गुर्टू’ आला.

या संग्रहाची अडचण समजून घेण्यासारखी आहे. संगणकावरची लय चौकटीत बसते. प्रत्येक ठोका केसाइतकाही न हलता परत येतो. तबलजी मात्र समेच्या अलीकडे-पलीकडे किंचित रेंगाळतो, घाई करतो, त्यातच त्याची लज्जत असते. वादकाला यंत्राच्या चौकटीत कोंबलं की तबला नुसता नमुना म्हणून उरतो, आणि त्या काळातल्या कितीतरी रेकॉर्डींत तसंच झालं. ‘माइल्स गुर्टू’मध्ये उत्स्फूर्त वादन आणि यंत्रावरची प्रक्रिया शेजारी शेजारी नांदतात. यंत्राचे थर गुर्टूंना नवे नव्हतेच. एकट्यानं अनेक थर वाजवायची सवय त्यांना पोरवयापासून होती. इथं समोर खरोखरीचे थर आले आणि ते त्यांच्या मधल्या फटीत वाजवत राहिले.

त्याच २००४ च्या सप्टेंबरात शोभाताई गेल्या. गुर्टू हॅम्बुर्गला स्थायिक आहेत. इटलीच्या आर्के या तंतुवाद्य चौकडीसोबत २००६ चा ‘आर्किऑलॉजी’, आणि २०१३ चा ‘स्पेलबाउंड’ हे त्यानंतरचे ऐकावेत असे संग्रह. ‘स्पेलबाउंड’ सगळा ट्रम्पेटवाल्यांना वाहिलेला आहे. नॉर्वेचे निल्स पेटर मोल्व्हर, इटलीचे पाओलो फ्रेझू, लेबनॉनमध्ये जन्मलेले इब्राहिम मालूफ त्यात येतात, आणि त्या सगळ्यांच्या मागं डॉन चेरी आहेत, ज्यांनी सत्तरच्या दशकात या तबलजीला आपल्या शेजारी बसवलं होतं.