धाराशिवच्या बोलीतील ‘करायलाय’ : एका क्रियारूपाची घडण

धाराशिव जिल्ह्यात ‘पोरगा काय करायलाय?’ या प्रश्नास ‘अभ्यास करायलाय’ असे उत्तर मिळते. प्रमाण मराठीत याच अर्थी ‘करतो आहे’ किंवा ‘करतोय’ हे रूप योजतात. शाळेच्या वहीत मात्र ‘करायलाय’ हे ‘करायला’ या शब्दाचे अशुद्ध रूप समजून खोडले जाते. ही समजूत कितपत साधार आहे, हे त्या रूपाच्या घडणीवरूनच ठरविले पाहिजे.

‘कर’ धातूची अपूर्ण वर्तमानकाळी रूपे या बोलीत सामान्यतः अशी होतात : मी करायलोय, तू करायलास, तो करायलाय, ती करायलीय, ते (मूल) करायलंय, ते (लोक) करायलेत.

प्रमाण भाषेतील ‘करायला’ हे रूप अविकारी आहे. ‘तो करायला गेला’ आणि ‘ती करायला गेली’ या दोन्ही वाक्यांत ते बदलत नाही. उपर्युक्त रूपांत मात्र ‘ल’ हा वर्ण लिंगवचनानुसार ला, ली, लं, ले असा चालतो. म्हणजे हा विकारी ‘ल’ ‘करायला’ यातील नव्हे. तो ‘लागणे’ या सहायक क्रियापदाच्या ‘लागला’ या रूपाचा अवशेष होय. ‘करायला लागला आहे’ या शब्दसमूहातील ‘लाग’ लोपला, दोन लकार एकत्र आले आणि ‘आहे’चा ‘य’ झाला. लातूर-नांदेडकडील ‘करूलाला’ या रूपात ‘करू लागला’ ही मूळ जोडणी अधिक स्पष्ट दिसते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादपासून, म्हणजे आजच्या धाराशिवपासून, वेगळा झाला. बोलींच्या सीमा अशा प्रशासकीय रेषांवर थांबत नाहीत.

दुसरा पुरावा वाक्यरचनेचा आहे. ‘करणे’ सकर्मक असल्यामुळे भूतकाळी ‘तिने स्वयंपाक केला’ असा कर्मणी प्रयोग होतो. परंतु ‘ती स्वयंपाक करायलीय’ या वाक्यात लकारयुक्त रूप असूनही कर्ता प्रथमेत राहतो व क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘ती स्वयंपाक करायला लागली’ या वाक्यातही हाच कर्तरी प्रयोग आहे. सहायक क्रियापद झिजले. त्याचा प्रयोग मात्र टिकला.

अर्थही पुढे सरकला आहे. ‘पाऊस पडायला लागलाय’ या प्रमाण वाक्यात लक्ष आरंभाकडे असते. धाराशिवकडील ‘कालपासून पाऊस पडायलाय’ या वाक्यात ते चालू स्थितीकडे आहे. आरंभ झालेली व न संपलेली क्रिया म्हणजेच चालू क्रिया. या मार्गाने आरंभवाचक शब्दाचा अपूर्णकाळवाचक प्रत्यय बनला.

सहायक क्रियापद झिजून प्रत्ययरूप होणे ही भाषांतील सर्वसाधारण प्रक्रिया आहे. लॅटिनमधील ‘कान्तारे हाबेओ’ या जोडणीपासून फ्रेंचचे ‘मी गाईन’ या अर्थाचे भविष्यकाळी रूप असेच सिद्ध झाले. स्वतः प्रमाण मराठीतही ‘करतो आहे’ याचे ‘करतोय’ होते, आणि ते कोणास खटकत नाही. ‘करतोय’ व ‘करायलाय’ यांतील भेद नियमबद्धतेचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

यावरून प्रमाणलेखन शिकवू नये, असा निष्कर्ष निघत नाही. परंतु ‘करायलाय’ हे चूक म्हणून खोडण्याऐवजी ‘करतो आहे’ हे रूप त्याच्या शेजारी लिहून दाखविल्यास विद्यार्थ्यास प्रमाण भाषेचा नियम कळतो, आणि आपल्या घरच्या भाषेसही नियम आहे, हेही कळते.