भाड्याचं घर, स्वतःचं सामान

घराचा विमा ही घरमालकाची काळजी, अशी भाडेकरूंची सर्वसाधारण समजूत असते. पुण्यात 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं, त्या प्रसंगावरून ही समजूत तपासून पाहावी. पुरानंतर भिंती धुऊन, रंगवून वापरता येतात. गाद्या, फ्रिज, लॅपटॉप मात्र भंगारात जातात. त्यातलं बरंचसं भाडेकरूचंच असतं. सोसायटीने विमा काढलाच असेल तर तो इमारतीचा, घरमालकाने काढला असेल तर त्याच्या फ्लॅटचा आणि त्याच्या वस्तूंचा. अकरा महिन्यांच्या करारात डिपॉझिट आणि रंगकामाची कलमं बारकाईने लिहिलेली असतात, पण भाडेकरूचं सामान बुडालं तर काय, याचा उल्लेख सहसा नसतो. घरमालकाकडे निदान फ्लॅट उरतो. भाडेकरूचं त्या घरात जे काही असतं, ते सामानच.

या सामानाचा वेगळा विमा निघतो. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून लागू केलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी फक्त सामानापुरतीही घेता येते. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सारं तिच्यात येतं. शिवाय पूर्वीची एक जाचक अट तिच्यात नाही. सहा लाखांच्या सामानाचा तीन लाखांचाच विमा असला, की एक लाखाच्या नुकसानीला पन्नास हजारच हाती पडत. आता विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण भरपाई मिळते.

‘आमच्याकडे सामान आहेच कितीसं?’ असं म्हणणाऱ्यांनी कपडे आणि भांड्यांसकट आजच्या भावाने बेरीज करून पाहावी. ‘कंपन्या पैसे देतच नाहीत’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण त्याचं एक मूळ पॉलिसी न वाचण्यात असतं. या पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते ती पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे, सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिन्यांसाठीही तसंच. रोख रक्कम या पॉलिसीत येत नाही. आणि विमा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच्या सामानाचा असतो, हे वारंवार घर बदलणाऱ्यांनी विसरू नये. नव्या घराचा करार होताच कंपनीला नवा पत्ता कळवा आणि खरेदीची बिलं, सामानाचे फोटो ईमेलवर ठेवा.