एक नाव, आठ स्पेलिंग्ज आणि एक मथळा : 'मुहम्मद' या नावाकडे संशोधक कसा बघेल?

पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांना संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये 'कार्यात्मक व्याख्या' हा शब्द हमखास भेटतो. व्याख्या पाठ होते, दोन गुण मिळतात, विषय संपतो. पण ही गोष्ट प्रत्यक्षात किती उलथापालथ करू शकते, हे पुस्तकातल्या 'बुद्ध्यांक म्हणजे बुद्धिमापन चाचणीतले गुण' या उदाहरणावरून कळत नाही. म्हणून आज एक वेगळं उदाहरण घेऊ. एका अरबी नावाचं. मुहम्मद.

माझा विषय विज्ञानाचा, भाषाशास्त्राचा नाही. पण डेटा म्हणून बघितलं तर हे नाव फार छान शिकवतं. अर्थ, उगम, प्रसार आणि लोकप्रियता असे चार टप्पे घेऊ. प्रत्येक टप्प्यावर तुमच्या सिनॉप्सिसला उपयोगी पडेल असं काहीतरी हाताला लागेल.

१. अर्थ : धातू आणि साचा

संस्कृतात 'कृ' या धातूपासून कर्ता, कर्म, कृती, कार्य असे शब्द होतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. अरबीतही धातू असतात, पण तिथली पद्धत वेगळी आहे. बहुतेक धातू तीन व्यंजनांचे. ती तीन व्यंजनं खुंट्यांसारखी पक्की राहतात आणि त्यांच्या मधले स्वर बदलून नवे शब्द तयार होतात. शिवाय मागेपुढे ठरावीक अक्षरं लागतात.

आपल्या नावाचा धातू आहे ह-म-द. अर्थ : स्तुती करणे. आता साचे बघा.

- हम्द : स्तुती. 'अल्हम्दुलिल्लाह' यातला हम्द तो हाच. उर्दू काव्यात ईश्वराच्या स्तुतिपर रचनेलाही हम्द म्हणतात.
- हामिद : स्तुती करणारा.
- महमूद : ज्याची स्तुती झाली आहे असा.
- हमीद : स्तुत्य.
- अहमद : अधिक किंवा सर्वाधिक स्तुत्य.
- मुहम्मद : ज्याची भरपूर, पुनःपुन्हा स्तुती होते असा.

शेवटच्या शब्दातला 'म्म' लक्षात घ्या. धातूचं मधलं व्यंजन दुप्पट केलं की क्रियेला जोर येतो, ती वारंवार होते असा भाव येतो. म्हणजे महमूद आणि मुहम्मद यांच्यातला फरक त्या जोडाक्षरात आहे. हे जोडाक्षर विसरू नका, पुढे स्पेलिंगच्या गोंधळात ते परत येणार आहे.

ही सगळी मंडळी आपल्याला नवी नाहीत. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) वसवणारा अहमद निजामशहा, बीदरचा महमूद गवान, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई, ही सगळी नावं एकाच धातूची. यापुढे असं नाव दिसलं की त्यातली तीन व्यंजनं शोधा.

२. उगम आणि प्रसार

इस्लामच्या आधी हे नाव अरबस्तानात अगदीच अज्ञात नव्हतं, पण दुर्मीळ होतं. जुन्या अरबी इतिहासकारांनी आधीच्या मोजक्याच मुहम्मदांची नोंद केली आहे. कुराणात 'मुहम्मद' हे नाव चार वेळा येतं आणि 'अहमद' एकदा. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या वास्तूतल्या, हिजरी सन ७२ (इ.स. ६९१-९२) च्या लेखात ते आजही दिसतं. पैगंबरांचं नाव म्हणून ते मुलांना ठेवण्याची प्रथा पडली आणि जिथे इस्लाम गेला तिथे ते गेलं.

पण जाताना ते स्थानिक जिभेवर चढलं. तुर्कीत मेहमेत झालं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान मेहमेद दुसरा, हे तेच नाव. तुर्की सैनिकाला लाडाने 'मेहमेतचिक' म्हणतात, म्हणजे जणू 'छोटा मेहमेत'. पश्चिम आफ्रिकेत मामादू झालं. अल्जीरियाच्या बर्बर भाषकांत मोहंद. मराठीत जुन्या वळणाने 'महंमद'. 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद हे नाव आपण याच रूपात वाचतो.

आता संशोधकाचा पहिला प्रश्न इथेच उभा राहतो. मेहमेत आणि मामादू ही 'मुहम्मद'च आहेत, की वेगळी नावं? व्युत्पत्तीने बघितलं तर एकच. पण आई-बापांच्या मनात काय होतं, हे बघितलं तर उत्तर बदलू शकतं. मेहमेत ठेवणारं कुटुंब कदाचित आजोबांचं नाव चालवत असेल. हा प्रश्न तसाच ठेवू आणि पुढे जाऊ.

३. स्पेलिंग : गोंधळ नेमका कुठून येतो?

अरबी लिपीत हे नाव चार अक्षरांत लिहितात : म, ह, म, द. ऱ्हस्व स्वर आणि द्वित्वाची खूण रोजच्या लिखाणात सहसा देत नाहीत. अरबी वाचणाऱ्याला त्याची अडचण नाही, तो साचा ओळखतो. प्रश्न येतो रोमन लिपीत लिहिताना. तिथे स्वर लिहावेच लागतात.

तीनच जागा धरू. पहिला स्वर 'यू' की 'ओ'? मधला 'एम' एक की दोन? शेवटचा स्वर 'ए' की 'ई'? दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ स्पेलिंग्ज. उच्चाराची बोलीनिहाय सवय, कुठल्या युरोपीय भाषेची सत्ता होती आणि जन्मनोंदणीच्या टेबलावर कोण बसलं होतं, यावर कुठलं स्पेलिंग पडेल ते ठरतं. इजिप्त आणि मगरिबात 'ओ', एक 'एम' आणि 'ई' असलेलं रूप फार दिसतं. फुटबॉलपटू मोहम्मद सलाहचं स्पेलिंग असंच आहे.

देवनागरीतही आपण काही शहाणे नाही. मुहम्मद, मोहम्मद, महंमद, महम्मद, मोहंमद ही पाचही रूपं मराठी छापील मजकुरात सापडतात.

४. लोकप्रियता : मथळ्यामागचं गणित

आता मुख्य भाग. इंग्लंड आणि वेल्समध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय (ओएनएस) दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी प्रसिद्ध करतं. २०२३ च्या यादीत मुलग्यांमध्ये 'मुहम्मद' पहिल्या क्रमांकावर आलं. आकडे असे : मुहम्मद ४,६६१, नोआ ४,३८२, ऑलिव्हर ३,५५६. २०२४ मध्ये मुहम्मद ५,७२१ वर गेलं आणि पहिलाच क्रमांक राहिला.

हे कार्यालय नाव कसं मोजतं? जन्मनोंदणीतलं पहिलं नाव, आणि स्पेलिंग जसंच्या तसं. एक अक्षर वेगळं, तर नाव वेगळं. म्हणून २०२३ च्याच यादीत 'यू'ऐवजी 'ओ' आणि शेवटी 'ई' असलेलं रूप २८ व्या क्रमांकावर (१,६०१) आणि 'ओ' व 'ए' असलेलं रूप ६८ व्या क्रमांकावर (८३५) स्वतंत्रपणे आहे.

आता गंमत बघा. ही तीन स्पेलिंग्ज एकत्र केली तर बेरीज ७,०९७ होते. नोआवरची आघाडी २७९ वरून थेट २,७१५ वर जाते. आणि असं एकत्र मोजलं तर हे नाव २०२३ च्या आधीच पहिलं होतं. म्हणजे 'मुहम्मद पहिल्या क्रमांकावर कधी आलं?' या साध्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या व्याख्येवर ठरतं. कार्यात्मक व्याख्या म्हणजे हेच.

मग एकत्र मोजणं बरोबर की वेगळं? घाई करू नका. एकत्र करायचं असेल तर सगळ्यांनाच तोच नियम लावावा लागेल. थिओडोर आणि थिओ एक धरायचे का? ऑलिव्हर आणि ऑली? एकाच नावाची रूपं जोडायची आणि बाकीच्यांची सुटी ठेवायची, तर तुलना वाकडी होते. उलट स्पेलिंगनुसार सुटं मोजायचं, तर ज्या नावाची लिपी बदलताना आठ रूपं होतात त्याच्यावर अन्याय होतो. दोन्ही पद्धतींत काहीतरी सुटतं. संशोधकाचं काम एवढंच की आपण कुठली पद्धत घेतली ते आधी लिहायचं आणि शेवटपर्यंत तीच पाळायची.

दुसरा मुद्दा छेदाचा. पहिला क्रमांक ऐकून वाटतं, वर्गात निम्मे मुहम्मद असतील. त्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेले मुलगे साधारण तीन लाख. म्हणजे ४,६६१ हे प्रमाण होतं सुमारे दीड टक्का, साधारण ६५ मुलग्यांत एक. तिन्ही स्पेलिंग्ज धरली तरी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. आता १८०० च्या सुमाराचं इंग्लंड आठवा. तेव्हा साधारण पाचांतला एक मुलगा जॉन होता. त्यापुढे आजचा पहिला क्रमांक म्हणजे काहीच नाही. आज पालक इतकी वेगवेगळी नावं ठेवतात की दीड टक्क्यावरही पहिला नंबर मिळतो.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. या यादीवरून 'लोकसंख्या कशी बदलली बघा' असा निष्कर्ष काढणारे लेख आणि फॉरवर्ड्स दरवेळी फिरतात. काही लोक त्यावरून घाबरतात, काही घाबरवतात. पण क्रमांकावरून लोकसंख्येचा वाटा कळत नाही. एक काल्पनिक गाव घ्या. १०० मुलगे जन्मले. ९४ जणांच्या पालकांनी ९४ वेगवेगळी नावं ठेवली. उरलेल्या सहांपैकी तिघांचं नाव एकच. ते नाव पहिलं! यातून ९४ जणांबद्दल कळलं ते एवढंच, की त्यांना नावीन्य आवडतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये मुस्लिमांचं प्रमाण ६.५ टक्के होतं. लोकसंख्येचा प्रश्न असेल तर हा आकडा बघायचा, नावांची यादी नाही.

आणि अजून एक बारीक गोष्ट. दक्षिण आशियाई कुटुंबांत बऱ्याचदा 'मुहम्मद' आदराने आधी लावतात आणि मुलाला हाक मारतात दुसऱ्याच नावाने. घरी तो अयान असतो, यादीत मुहम्मद. यादी नोंदणीतलं पहिलं नाव मोजते, हाकेचं नाव नाही.

५. हेच नाव, पण उत्तम संशोधन

नावांवरून काहीच कळत नाही, असा याचा अर्थ नाही. इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७९ च्या 'कन्व्हर्जन टू इस्लाम इन द मेडिव्हल पीरियड' या पुस्तकात नावांचाच डेटा वापरला. मध्ययुगात किती लोक कधी मुस्लिम झाले, याची जनगणना तर नाही. पण विद्वानांचे चरित्रकोश आहेत आणि त्यांत वंशावळी आहेत : अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका. इराणी घराण्याच्या साखळीत मागे जात राहिलं की मुहम्मद, अहमद अशी नावं संपतात आणि रुस्तमसारखं फारसी नाव येतं. तो सांधा म्हणजे साधारण धर्मांतराची पिढी. असे अनेक सांधे काळानुसार मांडले तर इंग्रजी 'एस'सारखी वक्ररेषा मिळते. सुरुवात संथ, मध्ये वेग, शेवटी पुन्हा संथ. नव्या कल्पनेचा प्रसार असाच होतो, असं प्रसरणाचा सिद्धांतही सांगतो.

अर्थात यावर आक्षेप आहेतच. चरित्रकोशात शेतकरी, विणकर नाहीत, शिकलेली घराणी आहेत. म्हणजे नमुना एकांगी. नाव बदललं म्हणजे त्याच पिढीत धर्म बदलला, हे गृहीत धरलेलं. वंशावळीत कुणी पदरचं घातलं असेल तर? तरीही हे काम अजून वाचलं जातं. कारण नाव हा कशाचा निर्देशक आहे आणि त्यामागे गृहीतकं कुठली आहेत, हे वाचकाला तपासता येतं. मथळ्यात आणि संशोधनात फरक आहे तो इतकाच.

तुमच्यासाठी

सिनॉप्सिस लिहिताना आपल्या मुख्य चलाला हे चार प्रश्न विचारा.

१. मी मोजणार आहे ते एकक नेमकं कुठलं? स्पेलिंग, नाव, की माणूस?
२. दोन नोंदी 'एकच' धरायचा माझा नियम काय, आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे का?
३. छेद काय? क्रमांक सांगतोय की प्रमाण?
४. हा आकडा ज्याचा निर्देशक म्हणतोय, त्याचा तो खरंच आहे का?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे हेच नाव दहावीच्या मार्कशीटवर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि तिसरीकडे नुसत्या 'एमडी.' अशा संक्षेपाने असू शकतं. शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये अशी एक व्यक्ती तीन होते, किंवा तीन व्यक्तींची एक होते. उल्लेख भलत्याच्या नावावर जातात. जाधव, पाटील, शेख, कुलकर्णी, सगळ्यांनाच हा धोका आहे. त्यासाठी २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळख क्रमांक मोफत मिळतो. पहिला पेपर पाठवायच्या आधी काढून ठेवा, आणि पेपरवर नाव एकाच स्पेलिंगने लिहायचं हे आजच ठरवा.

सरावासाठी : मराठीतली ती पाच रूपं घ्या, ती 'एक' धरायची की नाही याचा नियम चार ओळींत लिहा, आणि मैत्रिणीला किंवा मित्राला तोच नियम 'विठ्ठल, विठोबा, विठू' यांना लावून बघायला सांगा. नियम तिथे टिकला नाही, तर व्याख्या पुन्हा लिहा. भेटू पुढच्या लेखात.