मधुमेहावरील औषधोपचार आणि वाहनचालकाचे माहिती देण्याचे कर्तव्य : परवाना व विमा यांच्या संदर्भात

प्रस्तावना

हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात हजारो कर्मचारी स्वतःच्या वाहनाने, कंपनीच्या बसने किंवा भाड्याच्या कॅबने दररोज ये-जा करतात. रात्रपाळी, जेवणाच्या अनियमित वेळा आणि वाकड-हिंजवडी मार्गावरील वाहतूक कोंडी ही तेथील नित्याची बाब आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशातील २० वर्षांवरील सुमारे ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. या दोन्ही बाबी एकत्र पाहता असा प्रश्न उपस्थित होतो की, मधुमेहाचे औषध घेणाऱ्या चालकाने ती गोष्ट परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस कळविणे बंधनकारक आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

औषधांतील भेद

मधुमेह असणे आणि वाहन चालविण्यास अपात्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तातडीचा धोका प्रामुख्याने रक्तातील साखर एकाएकी कमी होण्यातून, म्हणजे हायपोग्लायसेमियातून उद्भवतो. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास घाम, थरथर व धडधड जाणवते. ती ५४ च्या खाली गेल्यास दृष्टी, निर्णयशक्ती व शुद्ध यांवर परिणाम होऊ शकतो. हा धोका इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांमुळे अधिक संभवतो. केवळ मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन घेणाऱ्यांना तो अत्यल्प असतो. सकाळी ग्लिमेपिराइड घेऊन न्याहारी टाळणारा आणि तासभर कोंडीत अडकणारा चालक मात्र खऱ्या अर्थाने जोखमीत असतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही रुग्णांमध्ये पूर्वसूचना देणारी लक्षणेच लोप पावतात. याखेरीज दृष्टिपटलाचा विकार आणि पायांतील संवेदना कमी होणे यांचाही विचार करावा लागतो.

परवान्याविषयीची कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अथवा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मधुमेहाचे औषध सुरू होताच परिवहन कार्यालयास कळवावे, असे स्वतंत्र बंधन नाही. परवाना घेताना भरावयाच्या स्वयंघोषणापत्रात (नमुना १) मधुमेहाचे नाव नाही. तथापि, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा भोवळ येते काय, तसेच ज्यामुळे आपले वाहन चालविणे जनतेस धोकादायक ठरेल असा अन्य आजार आहे काय, हे प्रश्न त्यात आहेत. वारंवार साखर उतरणाऱ्या रुग्णास या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे देता येत नाही. चाळिशीनंतर, तसेच व्यावसायिक वाहनांच्या परवान्यासाठी नोंदणीकृत वैद्यकाचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागते.

उणीव आहे ती मधल्या काळाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीस ते पन्नास वयोगटातील व्यक्तीस खासगी वाहनाचा परवाना दहा वर्षांसाठी मिळतो. या दहा वर्षांत मधुमेह जडला व इन्सुलिन सुरू झाले, तरी कोणताही अर्ज त्याविषयी विचारीत नाही. मात्र कायदा येथे पूर्णतः मौन नाही. कलम १६ अन्वये आजारामुळे चालक अपात्र असल्याचे सबळ कारण दिसल्यास प्राधिकारी परवाना केव्हाही रद्द करू शकतो किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. कलम १८६ अन्वये आपला आजार जनतेस धोकादायक आहे हे माहीत असूनही वाहन चालविणे हा गुन्हा असून, त्यास प्रथम एक हजार व पुढे दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अर्थात, भारतात कर्तव्याचा उगम नोंदीत नसून चालकाच्या स्वतःच्या जाणिवेत आहे.

ब्रिटनमधील व्यवस्था

कामानिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन तेथील परवाना घेणाऱ्यास वेगळा अनुभव येतो. तेथे इन्सुलिन कायम घेणाऱ्या चालकाने परवाना प्राधिकरणास कळविणे बंधनकारक असून, न कळविल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या मोटारचालकास मात्र तीव्र हायपोग्लायसेमियाचे प्रसंग वारंवार घडल्याखेरीज कळवावे लागत नाही. बस व मालट्रक चालकांना कळवावे लागते. निकष रोगाचा नसून औषध, प्रसंग व वाहन यांचा आहे, हे येथे लक्षणीय आहे.

विम्याविषयीची स्थिती

विमा करार परम सद्भावावर आधारलेला असतो. प्रस्तावपत्रात विचारलेल्या प्रश्नाचे सत्य उत्तर देणे हे प्रस्तावकाचे कर्तव्य होय. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनीच्या एका मेडिक्लेम प्रकरणात जुना मधुमेह व मूत्रपिंडविकार प्रस्तावपत्रात उघड केला नव्हता. दावा नाकारण्याची कंपनीची कृती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये योग्य ठरविली. हिंजवडीतील नोकरदारांस हे विशेष लागू पडते. नियोक्त्याच्या सामूहिक पॉलिसीत पूर्वीच्या आजाराची वैयक्तिक चौकशी बहुधा होत नाही; नोकरी सुटल्यावर स्वतंत्र पॉलिसी घेताना तो प्रश्न प्रथमच समोर येतो. २०२४ पासूनच्या नियमांनुसार सलग साठ महिन्यांनंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून आरोग्यविम्याचा दावा नाकारता येत नाही. तथापि तोवरची जोखीम कुटुंबासच सोसावी लागते.

मोटार विम्यात महत्त्वाची माहिती दडविणे हा कंपनीचा एक बचाव आहे (कलम १५०). परंतु नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग (२००४) या निर्णयात, केवळ अटीचा भंग दाखवून कंपनीस सुटता येत नाही, असे सांगितले गेले. न्यायाधिकरण कंपनीस अपघातग्रस्तास भरपाई देण्यास सांगून ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. म्हणजे अपघातग्रस्तास संरक्षण मिळते. भार मात्र मालकावर पडू शकतो.

निष्कर्ष

माहिती दडविण्याचे मूळ बहुधा उपजीविका जाण्याच्या भीतीत असते. मधुमेहाचे नाव काढताच कॅबचालकास कामावरून कमी केले, तर पुढचा चालक ते नाव काढणार नाही आणि धोका अदृश्य होईल. म्हणून महाविद्यालयांनी व कंपन्यांनी चालकांची नेमणूक करताना ‘मधुमेह आहे काय’ एवढेच न विचारता कोणते औषध चालू आहे व साखर कधी उतरली होती, हे विचारावे आणि त्यानुसार पाळी व जेवणाची वेळ ठरवावी. वैद्यकांनी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया लिहून देताना वाहन चालविण्याविषयीचा सल्ला लेखी द्यावा. प्रवासापूर्वी साखर किमान ९० असल्याची खात्री करणे, दर दोन तासांनी तपासणे आणि लक्षणे जाणवताच वाहन थांबवून साखर घेणे हा ब्रिटनमधील दंडक आपल्याकडेही पाळण्याजोगा आहे. कायद्याने कळविण्याची सक्ती केली नसली, तरी विचारले असता खरे सांगण्याची आणि जोखीम जाणवताच चालकाची जागा सोडण्याची जबाबदारी त्याने निश्चितपणे चालकावर टाकली आहे.