मुक्त ड्रायव्हर आणि ग्राफिक्स कार्डाची निवड

विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले आणि दवाखान्यांतील अनेक धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत न बसल्यामुळे निरुपयोगी ठरू लागले. अशा यंत्रांवर लिनक्स बसवावी, हा विचार स्तुत्य आहे. तथापि पडद्यावर प्रतिमा उमटविणारे ग्राफिक्स कार्ड विचारपूर्वक निवडले नाही, तर एखाद्या सकाळी प्रणाली अद्ययावत केल्यावर पडदा काळाच राहतो आणि बाहेर रुग्ण ताटकळत बसतात. हे टाळण्यासाठी कार्डाच्या वेगाआधी त्याच्या ड्रायव्हरची चौकशी करणे इष्ट होय.

ड्रायव्हर हा प्रणालीचा गाभा असलेले कर्नेल आणि कार्ड यांच्यामधील दुभाषा आहे. मुक्तस्रोत ड्रायव्हरचा एक भाग कर्नेलमध्येच अंतर्भूत असतो. त्रिमितीय चित्रण करणारा दुसरा भाग ‘मेसा’ या संचात असतो. कर्नेलच्या अंतर्गत रचनेत कोणी बदल केला, की त्यातील ड्रायव्हर त्या बदलाशी जुळवून देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. बंदिस्त ड्रायव्हर बाहेरून जोडावा लागतो आणि कंपनीने हात आखडता घेतला, की त्याचे आयुष्य सरते. ज्या औषधाची कृती जाहीर आहे ते एका कारखान्याने बंद केले, तरी दुसरा बनवू शकतो. गुप्त कृतीच्या औषधाचे तसे नसते.

उदाहरणे बोलकी आहेत. २०१२ च्या आरंभी विक्रीस आलेल्या एएमडीच्या रेडिऑन एचडी ७९७० या कार्डासाठी विंडोजचे नियमित ड्रायव्हर देणे कंपनीने २०२१ मध्ये थांबविले. लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये त्यावर पुढेही काम चालू राहिले. उलट एनव्हिडियाचे २०१६ मधील जीटीएक्स १०६० पाहा. त्या पिढीला आधार देणारी ५८० ही आपल्या लिनक्स ड्रायव्हरची अखेरची शाखा असेल, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले.

आता तिन्ही उत्पादकांचा विचार करू. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्रणाची सोय मुळातच असते आणि तिचा मुक्त ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे. नोंदी, देयके आणि सोनोग्राफीच्या साध्या प्रतिमा एवढेच काम असेल, तर निराळे कार्ड घेण्याचे कारणच नाही. इंटेलची २०२२ पासूनची ‘आर्क’ कार्डेही मुक्त ड्रायव्हरवर चालतात. परंतु ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर ती मंदावतात.

एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि २००७ पासून कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास प्रारंभ केला. तिचा ‘एएमडीजीपीयू’ हा ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नेलच्या ४.२ आवृत्तीत आला. निराळे कार्ड घ्यावयाचेच असेल, तर आज सर्वांत निर्धोक वाट हीच.

एनव्हिडियासाठी स्वयंसेवकांनी रचलेला ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर आहे. परंतु जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने स्वाक्षरीबद्ध फर्मवेअरची अट घातल्याने नूवोला त्या कार्डांचा वेग वाढविता येईना. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग व नंतरच्या पिढ्यांसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला केला आणि मेसामध्ये ‘एनव्हीके’ हा मुक्त ड्रायव्हर आकारास आला. कंपनीचा वरचा भाग मात्र, कूडासह, बंदिस्तच आहे. ज्यांचे संशोधन कूडावर अवलंबून आहे त्यांनी ही मर्यादा जाणून एनव्हिडिया घ्यावे; इतरांना त्याची निकड नाही.

पूर्ण निर्मळ मुक्तता कोठेही नाही, हेही नमूद केले पाहिजे. एएमडी व इंटेलच्या नव्या कार्डांनाही कंपनीचे बंदिस्त फर्मवेअर लागते. सर्वसाधारण लिनक्स वितरणांतून ते आपोआप मिळते, म्हणून व्यवहारात अडचण येत नाही.

वैद्यकीय कामास स्मृती किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. सीटी तपासणीचे ५१२ बाय ५१२ बिंदूंचे ५०० छेद, प्रत्येक बिंदूस २ बाइट धरले, तर सुमारे २६२ मेगाबाइट होतात. तेव्हा ‘थ्रीडी स्लायसर’सारख्या मुक्त आज्ञावलीत असा अभ्यास त्रिमितीत फिरविण्यास ४ गिगाबाइटचे साधे कार्ड बहुधा पुरते. रेडिऑन आरएक्स ६४०० ला ५३ वॅट वीज लागते आणि वेगळी वीजजोडणी लागत नाही. जुन्या संगणकास ते सोसते. निदानाचा अहवाल देण्यासाठी मात्र प्रमाणित व अंशांकित मॉनिटरच हवा. ती उणीव कार्ड भरून काढत नाही.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, अगदी नवे कार्ड जुन्या वितरणावर चालेलच असे नाही: मार्च २०२५ मधील आरएक्स ९०७० ला २०२३ च्या डेबियन १२ मधील ६.१ हे मूळ कर्नेल पुरत नाही. दुसरी, मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडता येईल असा असावा. एचडीएमआय २.१ मुक्त ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. त्याचा अडसर फोरके प्रतिमा अतिवेगाने दाखविताना येतो. तिसरी, शक्य तर दुकानातच पेनड्राइव्हवरील लिनक्स सुरू करून कार्ड ओळखले जाते की नाही याची खात्री करावी. त्यास पाच-दहा मिनिटे पुरतात आणि संगणकातील माहितीस धक्का लागत नाही.

रुग्णाच्या जुन्या प्रतिमा दहा वर्षांनीही उघडता आल्या पाहिजेत, ही आपली गरज आहे. त्या काळात विक्रेता बदलेल, कंपनीचे धोरणही बदलेल. ज्याचा ड्रायव्हर सर्वांसमोर खुला आहे, ते कार्ड अशा बदलांत टिकण्याची शक्यता अधिक. निवड करताना हाच निकष प्रथम लावावा.