हळदीपासून औषधापर्यंतचं अंतर

हळदीतल्या कर्क्युमिनने कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खोटं नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्या खरोखर मरतात. गैरसमज आहे तो पुढचा: रोज हळदीचं दूध घेतलं की लठ्ठपणाशी जोडलेला कर्करोग टळतो किंवा बरा होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली १३ कर्करोगांचा संबंध शरीरातल्या जादा चरबीशी असल्याचं मांडलं. मोठं आतडं, गर्भाशयाचं अस्तर, यकृत, स्वादुपिंड आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग त्यात येतात. चरबी नुसती साठून राहत नाही; ती इस्ट्रोजेन तयार करते, इन्सुलिनची पातळी चढती ठेवते आणि शरीरात मंद दाह धुमसत ठेवते. कर्क्युमिन दाह शमवतं, म्हणून तर्क पटकन पटतो. पण हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, त्यातलंही फार थोडं रक्तापर्यंत पोचतं. बशीतल्या पेशींना मिळते ती मात्रा दुधाच्या पेल्यातून गाठीपर्यंत जातच नाही.

मग वनस्पती निरुपयोगी का? मुळीच नाही. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. चीनमधल्या एका झाडातून १९६६ साली प्रथम वेगळं केलेलं हे द्रव्य माणसांना दिलं, तेव्हा मूत्राशयाला इतकी इजा झाली की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली, मात्रा ठरवली, आणि त्यातून घडलेलं इरिनोटेकान आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिलं जातं. ‘कंपन्यांना झाडपाल्यात नफा नाही, म्हणून संशोधन दडपतात’ हा आक्षेप इथे टिकत नाही. इरिनोटेकान काय, यू वृक्षाच्या सालीतून मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल काय, दोन्ही औषधं कंपन्यांनीच बाजारात आणली.

चांगला तर्कही माणसांवरच्या चाचणीत हरू शकतो. गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्यांच्या अभ्यासातून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध आलं. ते इन्सुलिन उतरवतं, म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या, मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२२ साली निष्कर्ष आला: रोग परतण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही. ‘फायदा नसेल, पण घ्यायला काय हरकत?’ हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. त्यातल्याच एका घटकाने प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधाचा परिणाम मारला. हे औषध मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर देतात, आणि तो चरबीशी जोडलेल्या त्या १३ कर्करोगांपैकीच एक. मिऱ्यातलं पायपेरीन कर्क्युमिनचं शोषण वाढवतं खरं, पण औषधांची विल्हेवाट लावण्याचं यकृताचं काम मंदावूनच. तेव्हा इतर औषधांची रक्तातली मात्राही बदलू शकते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने घरी घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण आणि कॅप्सूल डॉक्टरांना सांगायला हवी, आणि डॉक्टरांनीही न रागावता त्याबद्दल विचारायला हवं.